पाठीचे चार डोळे

नॉर्ब हेल्मिंग कुणाच्याही घरी गेला की आधी फ्रिज उघडून दुधाचा वास घ्यायचा. यजमान समोर उभा असला तरी. "सवय," म्हणायचा, आणि डबा परत ठेवताना तारखेवरून अंगठा फिरवायचा. जुनी तारीख खोडून कुणी नवी चिकटवली असेल, काय सांगावं?

अठरा वर्षं तो तुरुंगात पहारेकरी होता, आणि त्यानंतर चौदा वर्षं डेअऱ्यांचा तपासनीस. आधी माणसं तपासली, मग दूध. त्याची बायको आर्डिस म्हणायची, "तुरुंगातला संशय तुरुंगात ठेवून आला असता तर बरं झालं असतं गं. ह्यानं तो घरी आणला आणि डेअरीतला वर ठेवला. बेरीज केली मेल्यानं!"

गावात त्याला बसायला फार जागा उरल्या नव्हत्या. चर्चच्या सोडतीत एकाच घराला दोनदा हॅमचं बक्षीस लागलं, तेव्हा तो चर्चच्या मंडळातून उठला. पत्त्यांच्या अड्ड्यावर त्याला भिडूच्या चष्म्याच्या काचेत पत्ते दिसले, तिथून उठला. बोलिंगच्या संघात कुणीतरी सातचा आकडा नवासारखा काढला, तिथूनही उठला. उठायची त्याची एक पद्धत होती. भांडण नाही, आवाज नाही. टोपी घालायची, कानपट्ट्या खाली ओढायच्या आणि निघायचं. त्यानंतर त्या दारात नॉर्ब पुन्हा दिसला, असं कधी झालं नाही.

राहिलं होतं फक्त लव्हॉनचं टेबल.

लव्हॉन शूट्झ म्हणजे आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य. शनिवारी दुपारी ती आमचा खेळ चालवायची. ती गोष्ट सांगणार, आम्ही त्यातली पात्रं. काय करायचं ते आम्ही सांगायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगणार. खेळाला बसलं की सगळे अरे-तुरे, हा लव्हॉनचा पहिला नियम. बाकीचे नियम तिच्या जाड निळ्या फायलीत. खेळाडू तिघं: नॉर्ब, आर्डिसचा गोठेवाला भाऊ क्लीट, आणि शाळेत नाटकं बसवणारी मी.

नॉर्बच्या पात्राचं नाव होस्क. अकरा वर्षं होस्क जिवंत होता. आमची पात्रं दरीत पडली, जळाली, क्लीटचं एक तर बेडकानं गिळलं. होस्कच्या पाठीला मात्र सुरा म्हणून लागला नाही. होस्क दोन पेशांचा होता. आधी चोर, आणि सहाव्या वर्षी कंटाळून रानात गेला तो रानगडी.

त्याचा कागद अकरा वर्षांत खोडून खोडून जाळीदार झाला होता. उजेडात धरला की पलीकडचा माणूस दिसायचा. पण एकेका बदलापुढं तारीख, आणि तारखेपुढं लव्हॉनची आद्याक्षरं. सही घेतल्याशिवाय नॉर्ब एक आकडा हलवायचा नाही. जानेवारीत त्यानं तो कागद माझ्यापुढं ठेवला.

"तुझं अक्षर बरं आहे. नवा कर. जसाच्या तसा. आणि जुना परत दे."

"देते की."

"जुना परत," तो म्हणाला. "आधी जुना, मग नवा."

तो कागद उतरवताना मला ती चूक सापडली.

चोराला एक गुण मिळतो, 'पाठीला डोळे'. मागून वार आला की बचावाला पाच जादा. रानगड्यालाही तोच गुण, तेच नाव, फक्त चार जादा. नॉर्बनं लिहिलं होतं नऊ. निळ्या फायलीत मात्र लव्हॉनच्याच टायपात स्वच्छ लिहिलेलं: एकाच नावाचा गुण दोन पेशांतून आला तर मोठा तेवढा धरावा, बेरीज करू नये. गंमत अशी की चोरून वार करायचे फासे दोन्ही पेशांचे बेरजेनं धरायचे असतात आणि ते वाक्य त्याच्या बरोब्बर वरती आहे. नॉर्बनं वरचा नियम खालच्याला लावला होता. पुढं लव्हॉनची सही.

गुरुवारी चार वाजता शाळेच्या स्वयंपाकघरात मी दोन्ही कागद लव्हॉनपुढं ठेवले. क्लीट रिकाम्या दुधाच्या पेट्या न्यायला आला होता, तोही वाकला.

"ही माझी सही?" लव्हॉन म्हणाली.

"तुझीच," क्लीट म्हणाला. "मला आठवतंय ना. तू ओव्हनमधून ट्रे काढत होतीस. ह्यानं कागद पुढं केला. हातमोजा न काढताच केलीस सही."

"म्हणजे पाच वर्षं होस्क चार डोळे घेऊन फिरतोय."

"मागचे चार, पुढचे दोन. सहा."

"हसू नकोस रे! मी विचारलं असतं तर म्हणाला असता, दोनदा शिकलोय, दोनदा मोजा."

"दोनदा पोहायला शिकलेला माणूस काय दोन तळी एकदम पोहतो?" क्लीटनं पेटी खाली ठेवली. "माझं ऐका. गप्प बसा. पोरी, तू नऊच लिही."

"आणि त्याला कळलं की आपल्याला ठाऊक होतं, तर?" मी म्हटलं.

"तर टोपी घालील."

"सांगितलं तरी टोपी घालील," लव्हॉन म्हणाली. "नॉर्ब हेल्मिंगच्या कागदावर खोटा आकडा! आणि तो आपण तिघांनी मागच्या दारानं शोधून काढलेला! तो ह्या टेबलावरनंही उठला ना, तर शनिवारी दिवसभर आर्डिसच्या फ्रिजचा वास घेत बसेल."

"मग ती मला फोन करून रडेल," क्लीट म्हणाला.

शेवटी ठरलं, की शनिवारी खेळाआधी लव्हॉननं सरळ सांगायचं.

पण शुक्रवारीच नॉर्ब शाळेच्या रंगमंचाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मी मुलांच्या नाटकाचा पडदा रंगवत होते. त्यानं रंगाच्या डब्याचं झाकण उचलून आत पाहिलं, पुन्हा ठेवलं.

"काल चार वाजता कुठं होतीस?"

"शाळेतच."

"शाळेत कुठं?"

"स्वयंपाकघरात."

"क्लीटचा ट्रक मागच्या दाराला होता."

"मागचं बर्फ काढलेलं असतं, नॉर्ब."

"पुढचंही काढलं होतं. मी बघितलं." तो जवळ आला. "पाऊण तास. रिकाम्या पेट्या उचलायला माणसाला पाऊण तास लागतो? आणि माझा कागद? चौथा आठवडा चालू आहे."

"होतोय... शाई जरा..."

"नाटकवाली ना तू? खोटं जरा बरं बोलता यायला हवं." तो रागावला नव्हता. तुरुंगात कैद्याशी बोलायचा तोच सूर असावा, सपाट, थकलेला. "होस्कला मारायचं ठरवलंत. क्लीटला ते दूध अजून आठवतंय, मला माहीत आहे. लव्हॉनचं मात्र वाईट वाटलं."

मी तोंड उघडलं, तोवर तो मधल्या वाटेनं निघालाही होता. जाताना रांगेतल्या प्रत्येक खुर्चीखाली वाकून पाहत.

ते दूध म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. क्लीटच्या गोठ्यातला अख्खा टँकर नॉर्बनं शेतात ओतायला लावला होता. गाईला दिलेलं औषध दुधात उतरलंय, असं तपासणीच्या नळीनं दाखवलं. मेहुणा आहे म्हणून एक थेंब सुटला नाही. क्लीट त्यावर कधी एक शब्द बोलला नव्हता, आणि न बोलणारा माणूस म्हणजे नॉर्बच्या हिशेबी सगळ्यात मोठा संशयित.

फेब्रुवारीत विनेबागो तळं गोठलं की भाल्यानं स्टर्जन मासा मारायचा हंगाम येतो, आणि तेवढे दोन आठवडे आमचा खेळ क्लीटच्या खोपटात चालतो. बर्फावर ओढत नेलेलं लाकडी खोपट, खिडकीला काळा पडदा, मध्ये बर्फात कापलेलं दाराएवढं भोक. सकाळी सातपासून अंधारात बसून त्या भोकात बघत राहायचं. आत काळोख असला की पाणी खालून हिरवं उजळतं, बारा फुटांवरचा तळ दिसतो. तळाशी दोऱ्या बांधलेल्या पांढऱ्या बशा सोडलेल्या असतात, म्हणजे मासा वरून गेला की सावली कळते. दुपारी एकला कायद्यानं भाले वर, शिकार बंद.

त्या शनिवारी नॉर्ब घड्याळ हातात धरून होता. "एक," तो म्हणाला. क्लीटनं भाला भिंतीला टेकवला, पडदा वर केला. भोकाच्या अर्ध्या भागावर आम्ही जुनं दार आडवं टाकलं. तेच आमचं टेबल. अर्धं भोक क्लीटच्या बाजूला उघडंच.

नॉर्बनं डब्यातून बरणी काढली. दाट मिठाचं पाणी. दर खेळाआधी तो सगळ्यांचे फासे त्यात टाकायचा. ते तरंगायचे, आणि तो टिचकी मारून बघायचा, की एकच आकडा पुनःपुन्हा वर येतोय का. एरवी हे करताना तो एखादा शेरा मारायचा. आज मुकाट्यानं लव्हॉनच्या हिरव्या फाशाला सात टिचक्या मारल्या.

"चीज खा रे, नॉर्ब," क्लीट म्हणाला. "आज सकाळचं आहे. ताजं, म्हणून दाताखाली वाजतंय बघ."

"कालचं आहे."

"नॉर्ब," लव्हॉन म्हणाली, "सुरू करायच्या आधी मला एक सांगायचंय."

"मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"गुरुवार. चार ते पावणेपाच. तिघं." त्यानं तिच्यापुढच्या पाकिटाकडं बोट केलं. पुढं काय घडणार ते ती आधीच लिहून पाकिटात घालून आणायची, तीही नॉर्बचीच अट. "त्यात होस्क मरतो. बरोबर ना? लिहिलंय तर चालव. पण पाठीमागनं ठरवायची काय गरज होती? माझ्या तोंडावर म्हणायचं, नॉर्ब, ऊठ."

"कुणी ऊठ म्हणत नाहीये तुला, बाबा!"

त्याचा हात टोपीकडं गेला होता. लव्हॉननं निळी फाईल त्याच्या पुढ्यात आपटली, पान उघडलं आणि त्यावर त्याचा जाळीदार कागद ठेवला.

"वाच. मग घाल ती टोपी."

नॉर्बनं चष्मा पुसला. नियम वाचला. कागद वाचला. पुन्हा नियम. बोटानं वरची ओळ झाकली आणि खालची एकटी वाचली.  माझी नजर टोपीवर.

"नऊ नाही," तो म्हणाला.

"नाही."

"पाच."

"पाच. आणि सही माझी आहे, नॉर्ब. मी न बघता केली. चूक निम्मी माझी."

"सही तू केलीस. बेरीज मी केली." तो कागदाकडं बघतच होता. "पाच वर्षं. त्या पुलावर मागून बाण आला होता, तेव्हा मी नऊ मोजले."

"मोजलेस."

"तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी," मी म्हटलं. "शप्पथ. मी उतरवताना."

"त्याआधी?"

"त्याआधी कुणाला नाही," क्लीट म्हणाला. "आणि खरं सांगू? मी म्हटलं होतं, सांगू नका."

नॉर्बनं त्याच्याकडं मान वळवली. "तू?"

"मी."

 नॉर्बनं खिशातून खोडरबर काढलं आणि नऊ खोडायला लागला. कागद तिथं फाटलाच. फाटलेल्या भोकाशेजारी त्यानं पाच लिहिलं, तारीख घातली, लव्हॉनपुढं सरकवलं. "सही कर. बघून कर." तिनं या खेपेला चष्मा लावून केली.

"आता पाकीट फोड."

"नॉर्ब, हे मी महिन्यापूर्वी लिहिलंय. तेव्हा मला नऊच माहीत होते. आज आपण दुसरं काहीतरी..."

"लिहिलंय ते चालव."

लव्हॉननं पाकीट फोडलं. तिचा आवाज नेहमीसारखा खाली उतरला, गोष्टीचा झाला. मिठाच्या खाणीतली अरुंद वाट. पुढं पहारेकरी कंदील वर करतो, होस्क थांबतो. आणि मागून, दहा दिवस ज्याच्या हातचं खाल्लं तोच वाटाड्या विषारी सुरा काढतो. "लागला," लव्हॉन म्हणाली, "तर होस्क गेला. नऊ असते तर वीसच पडावा लागला असता. पाचावर... सोळा किंवा वर."

"टाक," नॉर्ब म्हणाला.

तिनं फासा टाकला. जोर जास्त लागला. फासा दारावर दोनदा उडाला, कडेला क्षणभर थांबला आणि पलीकडं गेला. डुब्.

लव्हॉन अर्धी उठली.

"कडेला थांबला होता," लव्हॉन म्हणाली. "कुणी पाहिला?"

मी नॉर्बशेजारी होते, मला फक्त हिरवा ठिपका दिसला. ती कड क्लीटच्या पुढ्यात.

"चार," क्लीट म्हणाला.

"चार?" नॉर्ब म्हणाला.

"चार."

"पडदा टाक."

पडदा टाकला, दिवा विझवला. आम्ही चौघं भोकाभोवती ओणवे झालो. पाणी हिरवं उजळलं. तळाशी सहा बशा, आणि तिसरीत तिळाएवढा डाग.

"बशी ओढू या का?" मी म्हटलं.

"काय उपयोग?" लव्हॉन म्हणाली. "बारा फूट गटांगळ्या खात गेलाय तो. वर येईतो आणखी खाईल. तळाचा आकडा म्हणजे तळ्याचा आकडा, आपला नाही."

पडदा पुन्हा वर झाला. नॉर्ब क्लीटकडंच बघत होता.

"नियम काय सांगतो?" त्यानं विचारलं.

"टेबलाबाहेर गेलेला फासा दोघांनी पाहिलेला असेल तर धरायचा. एकानंच पाहिला तर ज्याच्या जिवावर बेतलंय त्यानं ठरवायचं. मानायचं, नाहीतर पुन्हा टाकायचा." लव्हॉननं दुसरा फासा हातात घेतला. "तूच सांग."

"तू वीस म्हणाला असतास ना," नॉर्ब क्लीटला म्हणाला, "तर मी लगेच मानलं असतं."

"माहीत आहे."

"चार म्हणालास म्हणून संशय येतोय. गुरुवारी म्हणालास, सांगू नका. आज म्हणतोस चार. तुला माझी दया येते?"

"तुझी?" क्लीटला हसू आलं. "अरे, आर्डिसनं तुझ्याशी लग्न केलं तेव्हापासून दया येते, पण तुझी नाही, तिची."

"मग?"

क्लीटनं चीजचा तुकडा उचलला, पुन्हा ठेवला. "त्या दिवशी माझा टँकर तू ओतायला लावलास. मी काय विचारलं होतं?"

"काही नाही. गप्प उभा होतास. नऊ वर्षं गप्प आहेस."

"विचारलं का, नॉर्ब, नळी पुन्हा बघ? दुसऱ्या कुणाला दाखव?"

"नाही."

"मला वाटलं, नॉर्ब म्हणतोय ना, मग आहे. घरी जाऊन गाय वेगळी बांधली. सापडलीच. आता गप्प होतो ते गप्प होतो, त्यात बोलण्यासारखं काय आहे? दूध खराब होतं."

नॉर्बनं हात टोपीकडं नेला. लव्हॉननं डोळे मिटून घेतले. त्यानं टोपी मांडीवरून उचलली, तिच्यावर पडलेले चीजचे कण झटकले आणि शेजारच्या बादलीवर ठेवली.

"लिही," तो म्हणाला. "चार."

"मानलंस?"

"लिही म्हटलं ना. वार चुकला. होस्क मागं वळतो." मग चीजकडं बघत, "आणि त्या वाटाड्याला विचारतो, दहा दिवस जेवणात काय घालत होतास."

लव्हॉननं लिहिलं आणि सवयीनं कागद क्लीटपुढं केला. "पाहणाऱ्याची सही."

"नको," नॉर्ब म्हणाला.

"नॉर्ब, तूच तर..."

"नको म्हटलं. खेळ पुढं."

त्यानं चीजचा एक तुकडा तोंडात टाकला, आवाज ऐकला, आणि कपाळाला आठी घातली. वाजलं होतं.

हंगाम संपला त्या रविवारी खोपटं किनाऱ्याला ओढायची होती. बशा वर काढायच्या वेळी नॉर्ब म्हणाला, "मी ट्रकशी आहे," आणि बाहेर गेला. खिडकीतून मला तो दिसत होता. तळ्याच्या मधोमध, कानपट्ट्या खाली, आमच्याकडं पाठ करून उभा.

क्लीटनं दोऱ्या ओढल्या. तिसऱ्या बशीत गाळ होता आणि गाळात हिरवा फासा. क्लीटनं तो न बघताच बोटांनी उचलला, पॅंटला पुसला आणि खिशात टाकला.

बाहेरून नॉर्बचा आवाज आला, पाठ तशीच.

"पोरी! बशा मोजल्यास का? सहा आहेत!"

"सहाच आहेत, नॉर्ब."

"पुन्हा मोज."